तलाव रिकामा करायची तारीख

सकाळी सासूबाई आणि मी एकाच गाडीतून घराबाहेर पडलो. वाटेत त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. तासाभराने चार बायकांना घेऊन त्या थेट माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या, तेव्हा मला कळलं की माझ्या कामाला विरोध करणाऱ्यांच्या पुढारी त्याच आहेत.

"बोला आई," मी म्हटलं.

"इथे आई वगैरे काही नाही. मी गुडघेवाल्यांच्या गटातर्फे आलेय. तलाव महिनाभर बंद ठेवायचा नाही. आम्हाला पाणी रोज हवं."

काम म्हणजे क्रीडा संकुलातल्या पोहण्याच्या तलावाची जुनी फरशी काढून नवी बसवायची. माझ्या एकटीच्या जबाबदारीवरचं पहिलंच काम. मला वाटलं होतं अवघड भाग फरशीचा असेल. फरशी बिचारी गप्प असते. अवघड असतात ती माणसं आणि त्यांच्या तारखा. पोहायला शिकवणाऱ्या कोचच्या पोरांची स्पर्धा जवळ आलेली, म्हणून त्यांना तलाव दिवसभर हवा. टाइल्सवाल्याला महिनाभर कोरडा तलाव हवा, आणि महिनाअखेरीस त्याची माणसं दुसऱ्या कामावर जाणार. एकदा गेली की हा हंगाम संपेपर्यंत परत येणार नाहीत.

आणि सासूबाई. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांनी पलंग धरला होता तो सुटला या तलावामुळे. पाण्यात त्या काठीशिवाय चालायच्या, मागे वळून बायकांना ओरडायच्यासुद्धा. पाण्याबाहेर आल्या की स्वयंपाकघरापासून दारापर्यंत जायलाही काठी. डॉक्टर म्हणायचे, पाय ठणठणीत आहे, भीती गेलेली नाही. पाण्यात खंड पडला तर पुन्हा पलंग, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. खरं सांगायचं तर मीही त्याच भीतीने गारठले होते. तलाव बंद करायच्या हुकमावर सही माझीच होणार होती.

आमच्या साहेबांची एक पद्धत आहे. प्रत्येकाला एकेकटं गाठायचं, कारण एकत्र बसले की भांडतात. आणि जो जेवढं मागेल त्यातलं थोडं कापून द्यायचं, म्हणजे सगळ्यांचं बसतं. मी इमानेइतबारे एकेकाला गाठत राहिले, कापत राहिले. टाइल्सवाल्याचे दिवस कमी केले तर तो दुसऱ्या दिवशी आणखी नवं काम सांगायचा. कोचचे तास कमी केले तर त्यांना एकदम आणखी एक स्पर्धा आठवायची. माझ्या नाकी नऊ आले. साहेब म्हणाले, "आणखी थोडं काप."

त्या संध्याकाळी मी घरी भांडी आपटत होते. सासूबाई टेबलाशी बसून बघत होत्या.

"किती दिवस कापलेस आमचे?"

"तुम्ही रोज मागितलं. मी आठवड्यातले चार दिले."

"चार!" त्या खूश होऊन म्हणाल्या. "आम्हाला तीन पुरतात."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "मग रोज कशाला मागितलं?"

"अगं, तू कापणार हे सगळ्या गावाला माहीत आहे. कापून तीन उरायला नकोत?"

"म्हणजे तो टाइल्सवाला पण…"

"तो काय दूधखुळा आहे?"

मी कपाळावर हात मारून घेतला. इतके दिवस मी खोट्या आकड्यांतून खोटे आकडे वजा करत होते, आणि वर वेळापत्रक जमत नाही म्हणून साहेबांची बोलणी खात होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांना न विचारता तिघांना एकत्र बोलावलं. बसायला जागा म्हणून कपडे बदलायच्या खोलीतली बाकडी. टाइल्सवाला एका टोकाला, कोच दुसऱ्या टोकाला, मधे काठी आडवी धरून सासूबाई. मी म्हटलं, "आज मी काही कापणार नाही. जे सांगाल ते तसंच्या तसं दारावर लावणार. तर खरं सांगा."

टाइल्सवाला कोचकडे बघायला लागला, कोच टाइल्सवाल्याकडे. कापणाऱ्या माणसावर एकदम विश्वास कोण ठेवणार? शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "आम्हाला तीन दिवस. स्पर्धा होईपर्यंत. नंतर काय करायचं ते करा."

टाइल्सवाल्याने मान खाजवली. "ताई, काम पंधरवड्याचंच आहे. महिना सांगितला, कारण तुम्ही कापणार. शिवाय मधेच म्हणणार, जरा थांबा, पोरांना पोहून घेऊ दे. तेही दिवस धरले होते."

सगळ्यांनी कोचकडे बघितलं. "मला मात्र खरंच दिवसभर लागतो," ते ठासून म्हणाले.

"दुपारीसुद्धा?" सासूबाईंनी विचारलं.

"दुपारी विशेष सराव असतो."

"कोणाचा हो सर? तुम्ही एकटेच पाण्यावर उताणे पडलेले असता. आम्ही कॅन्टीनच्या काचेतून रोज बघतो."

कोचचे कान लाल झाले. टाइल्सवाला आधी हसला, मग आम्ही सगळे, आणि शेवटी कोचही. दुपार बायकांना मिळाली. स्पर्धा झाली की लगेच तलाव रिकामा करायचा, आणि पंधरवडा टाइल्सवाल्याचा. त्याला पुढच्या कामावर जायलाही वेळ उरत होता. चहा येण्याआधी बैठक संपली. मला इतका आनंद झाला की मी टाइल्सवाल्याशी हस्तांदोलन केलं.

रात्री मात्र सासूबाईंना झोप येईना. दिवा मालवायला गेले तर म्हणाल्या, "बाकीच्यांचं निभेल गं. माझं काय होईल?"

मी दिवा तसाच ठेवून त्यांच्याजवळ बसले.

तलाव रिकामा झाल्यावर त्या रोज माझ्याबरोबर यायला लागल्या. काठावर खुर्ची टाकून बसायच्या आणि टाइल्सवाल्याच्या माणसांना पळता भुई थोडी करायच्या. "माझे दिवस मी सोडलेत, तुम्ही तारीख पाळा," असं बजावायच्या. काम खरोखर वेळेवर होत आलं. शेवटी पाण्यात उतरायच्या उताराची फरशी बसली, वाळलीही. कठडा अजून लावायचा होता. साहेबांचा फोन आला म्हणून मी बाजूला गेले.

वळून बघते तर खुर्ची रिकामी. काठी खुर्चीला टेकवलेली. सासूबाई अनवाणी, उताराच्या मधोमध. टाइल्सवाला त्यांच्यापुढे उलटा चालत होता, हात पसरून, पण शिवत नव्हता.

"घसरतंय का, माई? तुमच्यासाठीच खरखरीत घेतलीय."

"बोलू नकोस मधेमधे. लक्ष जातं."

मी साहेबांना म्हटलं, "नंतर बोलू," आणि त्यांचं वाक्य तोडून फोन ठेवून दिला. त्या एकेक पाऊल टाकत तळाशी पोचल्या. थांबल्या. आजूबाजूला बघितलं, मग खाली, आपल्या कोरड्या पायांकडे. मला रडू फुटलं, आणि मी ते लपवलंही नाही.

"आई," मी काठावरून ओरडले, "उद्या पाणी सोडतोय!"

त्या तळाशी इकडून तिकडे चालत होत्या, हात मागे बांधून.

"सावकाश भरा गं," त्या म्हणाल्या. "घाई कोणाला आहे?"