ठिगळाच्या भात्याचा कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुना, थकलेला कॅमेरा बोलतोय. हिंगोलीत हळदीच्या मोंढ्याजवळ, म्हणजे घाऊक बाजाराजवळ, फकीरभाईंचं फोटोचं दुकान आहे, तिथं फळीवर पडून असतो. डोळा अंधुक झालाय, बटण दाबलं की कुरकुरतो. म्हातारपणाला काय इलाज आहे!

माझा जन्म जर्मनीतला. अंग लोखंडी, आणि पुढं लोहाराच्या भात्यासारखा घड्यांचा काळा कातडी भाता. फकीरभाईंनी सायकलवर बांधून मला नरसीपासून कळमनुरीपर्यंत हिंडवलं. दुकानात चहा पिता पिता लोक हुज्जत घालायचे, जर्मन कॅमेरा जास्त टिकतो का जपानी? फकीरभाईंची बायको खतीजाबी आतून म्हणायची, "पुसला तर कोणताबी टिकतो. न्हाई पुसला तर जर्मन काय अन् जपानी काय!"

मोंढ्यात हळद आली की सारी गल्ली पिवळी होते. रोज संध्याकाळी खतीजाबी मला जुन्या मऊ ओढणीनं पुसायची आणि तीच ओढणी माझ्या अंगावर घालायची. एकदा भात्याला भोक पडलं, तर तिनं मोडक्या छत्रीचं काळं कापड डिंकानं चिकटवलं.

मग चौऱ्याहत्तर साली चकचकीत नवा जपानी कॅमेरा आला. "याला पांघरूण कशाला? एकदम मजबूत माल हाय," म्हणत फकीरभाईंनी तो उघडाच मिरवला. मी फळीवर गेलो. मनाला फार लागलं, खोटं कशाला बोलू?

त्याच उन्हाळ्यात त्यांची लेक गौसिया लग्न होऊन औरंगाबादला निघाली. जाताना म्हणाली, "अब्बा, साऱ्या तालुक्याचे फोटू काढले तुमी. घरात अम्मीचा एकबी न्हाई. आत्ता माझ्यासमोर काढा, अन् मला तेवढा पाठवा."

आजवर फकीरभाईंचं एकच उत्तर असायचं, "काढू की उद्या, अम्मी कुठं पळून चाललीय का?" पण आज लेकीची एस.टी. डेपोत उभी होती. त्यांनी घाईनं खतीजाबीला खुर्चीवर बसवलं आणि नव्याचं बटण दाबलं. खट्ट! आतली झडप अर्ध्यातच अडकली. हळदीची धूळ आत जाऊन बसली होती. फकीरभाई नव्याला शिव्या घालू लागले.

"त्या बिचाऱ्याला काहून बोलून राहिले?" खतीजाबी म्हणाली. "तुमीच उघडा ठेवला. जुन्याला घ्या खाली, त्याला मी अजून पुसते."

माझा भाता करकरत उघडला. ठिगळ दगा देतं का, याचीच मला धास्ती. समोर ती हसत होती. मी होता नव्हता तेवढा जीव एकवटला, आणि फोटो निघाला. फक्त ठिगळाच्या कडेनं जरासा उजेड आत शिरला आणि फोटोच्या कोपऱ्यात पांढरा पट्टा उमटला. तोच फोटो टपालानं औरंगाबादला गेला.

दोन वर्षांनी खतीजाबी तापात गेली. तिचा तेवढा एकच फोटो. गौसिया तो घेऊन आली, तेव्हा फकीरभाई डोळे पुसत म्हणाले, "दे बेटा, तो पट्टा रंग लावून झाकतो."

"राहू द्या अब्बा," ती म्हणाली. "अम्मीच्या हातचं ठिगळ हाय ते."

मग तिनं फळीवरची ती ओढणी झटकली, मला पुसलं आणि पुन्हा माझ्या अंगावर घातली. फार दिवसांनी मला बरं वाटलं.

मित्रांनो, वस्तू कोणत्याही कंपनीची असो, तिला पुसून, झाकून ठेवा. आणि घरातल्या माणसाचा फोटो उद्यावर टाकू नका.