पळालेली लय

भाचीने स्टुडिओचे दार लावले आणि मामांना दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये बसवले. तरुणपणी मामा एका हेवी मेटल बँडमध्ये ड्रम वाजवीत. त्या बँडच्या एका मैफलीचे ध्वनिमुद्रण अजून खपत होते. त्या काळी जन्मलीही नव्हती अशी मुले त्यातला शेवटचा तुकडा तोंडाने वाजवून दाखवीत. नेमका तोच तुकडा सुरू झाला की मामा खोलीबाहेर जात. तेथे त्यांची लय पळाली होती. नव्या आवृत्तीचे काम भाचीकडे आले, तेव्हा त्यांनी विनवले होते, "डोळे मिटायच्या आत ती लय एकदा ताळ्यावर आलेली ऐकव."

संगणकाने ती आणली होती. प्रत्येक ठोका जागच्या जागी, गिटार त्याच्या मागोमाग, श्रोत्यांचा गलका अदबीने दूर.

तुकडा संपला. मामांनी नाक मुरडले.

"चुकलं का काही?"

"काहीच नाही गं. शोकसभेत सगळे ओळीने बसतात ना, तसं झालंय. मूळचं लाव."

"अहो मामा, महिनाभर माझं डोकं खाल्लंत!"

"आता कानही खातो. लाव."

अचूकपणा हा गुण आहे, हे कोण नाकारील? परंतु हजारोंनी मिळून केलेल्या कृतीचा निवाडा एकट्या घड्याळावर सोपवावा, हे काही न्यायाला धरून नाही. मूळ मुद्रण सुरू झाले आणि प्रथम आले ते पाय. लाकडी सज्ज्यांवर आदळणारे श्रोत्यांचे असंख्य पाय, आणि ते ड्रमच्या किंचित पुढे होते. मंचावरच्या गदारोळात मामांना ते कधी ऐकूच आले नव्हते. लय त्यांच्या हातून निसटली नव्हती. ती समोरून चालून आली होती, आणि मामांच्या हातांनी, मामांना न विचारता, तिला वाट करून दिली होती.

मग गिटार. ती वाजवणारा लंबू आता हयात नव्हता. असेतोवर त्याने मामांना 'पळपुट्या' म्हणून छळले होते. त्याची गिटार क्षणभर मागे पडली, बिथरली, आणि एका झेपेत ड्रमला मागे टाकून गेली.

"अगं, हा बघ! मला नावं ठेवायचा, आणि स्वतः?" मामा उभे राहिले. "हा तर माझ्याही पुढे पळतोय!"

अखेरच्या आघातावर सारा जनसमुदाय ओरडला. त्या ओरडण्यात कोणा एकाचा म्हणून आवाज उरला नव्हता; समुद्राला जसा एकच आवाज असावा, तसा तो होता. भाचीच्या अंगावर काटा आला. हाच गलका तिने महिनाभर पुसत आणला होता.

"आवृत्तीत कुठलं घालू, मामा?" तिने हलकेच विचारले.

"हेच. आणि ते शहाणं पुसून टाक."

तिने आपले काम पुसले. हात अडखळला नाही. मामा अजून उभेच होते.