आत्याची पाठ

हर्षलाच्या प्रोजेक्टचं सगळं गाडं गोदूबाईपाशी येऊन अडलं होतं.

गोदूबाई ही तिची थोरली आत्या, पोशीर गावच्या घरातलं शेवटचं कोर्ट. आणि प्रोजेक्ट असा, की एखाद्या जागेचे चहूबाजूंनी फोटो काढून कॉम्प्युटरमधल्या न्यूरल नेटवर्कला द्यायचे. ते बापडं आधी वाटेल तसा अंदाज बांधतं, फोटोशी ताडून बघतं, चुकतं, पुन्हा बांधतं. असं करत करत ती जागा अशी उभी करतं की कुठूनही फिरून बघावी. अट एकच, समोरचं काही हलता कामा नये. हर्षलाने तर कॉलेजातल्या सरांपुढे फुशारकी मारली होती, माणसासकट अंगण उभं करते म्हणून. उद्या दाखवायचं होतं, नाहीतर नापास.

अंगण झकास उभं राहिलं. तुळस, बाज, वाळत घातलेल्या मिरच्या. पण बाजेवर आत्याच्या जागी नुसतं धुकं, आणि त्यात जिकडून बघावं तिकडून हसरं तोंड!

"आत्या, मी फिरले तशी तू वळत होतीस?"

"मंग! समोरच्याला पाठ दाखवून बसू व्हय? तशी शिकवण नाय आमची."

समजावून झालं, हातापाया पडून झालं. हर्षला सरकली की आत्याची मान सरकलीच. शेवटी पोरीने ठेवणीतलं अस्त्र काढलं.

"काय पन म्हन आत्या, भाकरी खावी ती शेजारच्या धोंडूकाकूच्याच हातची."

झालं. आत्याने पदर आवळला, गुडघा पोटाशी घेतला आणि रुसून बसली. आता प्रत्यक्ष देव अंगणात उतरला असता तरी मान वळली नसती. हर्षलाने भराभर फेरी मारून फोटो घेतले. तिला वाईट वाटत होतं, पण बोटं थांबली नाहीत.

संध्याकाळी तिने लॅपटॉप पुढे केला. "खोटं बोलले गं. तुज्या भाकरीची सर कुनाला नाय. बघ, आता जमलं."

आत्या तिरक्या नजरेनेच बघत होती. पडद्यावरचं अंगण फिरत फिरत तिच्या पाठीवर आलं. वाकलेले खांदे, मानेवर उतरलेला अंबाडा. आत्या एकदम पुढे सरकली.

"ही तर माजी आय."

तिच्या आईचा एकही फोटो घरात नव्हता. डोक्यावर भाताचा भारा घेऊन बांधावरून आय पुढे चालायची आणि लहानगी गोदू मागे. तिला आठवायची ती अशीच, पाठमोरी.

हर्षला घाईघाईने चित्र फिरवायला लागली. "थांब, तुजं तोंड दाखवते."

आत्याने तिचा हात धरला. "राहू दे गं. वळवू नको."