एकोणीस मीटर

फितीचं टोक कातरलेलं – पहिला मीटर कधीचाच तुटून गेलेला, म्हणून वीस मीटर आखायचे तर फीत एकवीसच्या आकड्यापर्यंत ओढायची, हे तिला झोपेतही ठाऊक होतं... मग आत्ता, सगळ्या मुली धावून झाल्यावर, दुसरी रेघ वीसच्या आकड्यापाशी कशी?

एकोणीस. घाम फुटायला हवा होता, फुटला नाही. अकरा वर्षं संघाच्या चाचण्या घेणारी बाई ती. चूक झाली तर झाली म्हणायची, त्यात काय एवढं! पण यादी पाच वाजता संघ निवडणाऱ्या मोठ्या सरांकडे जायची होती. दोन रेघांमध्ये भोंग्याच्या आत ये-जा करत, दर टप्प्याला वाढत्या वेगाने धावून नववा टप्पा गाठेल तीच संघात – आणि तिच्या धाकट्या बहिणीने, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच, नऊ गाठला होता. अगदी काठावर. आठ महिने तिने स्वतः बहिणीच्या त्या गुडघ्यासाठी एकेक आठवडा आखला होता. आधी पाण्यात चालणं, मग जिना, मग धाव... हातातोंडाशी आलेला घास – नाही, घास माझा नव्हताच, तिचा होता. आणि आज पुन्हा धावायला लावणंही खोटंच. दमलेल्या पायांची कसली चाचणी? दोन दिवस हवेत. मोठे सर दोन तासही थांबत नाहीत.

बहीण बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती.

"फीत चुकली माझी. एकोणीसच मीटर होते."

"माहितीये."

"म्हणजे?"

"मी पावलं मोजते गं, ताई. वीसला चौदा पडतात. आज चौदावं टाकायच्या आतच रेघ येत होती."

"आणि गप्प बसलीस?"

"नऊ येत होता ना..." बहिणीने मान वर केली नाही.

राग आला, कानशिलं तापली. लबाड कुठली! पण रागाच्या खालून काहीतरी भलतंच वर येत होतं – पावलं मोजते? इतके महिने तिला वाटत आलं होतं की ही धावताना फक्त कळा मोजते... पाऊल कमी पडलं हे जिला कळतं, तिचं लक्ष दुखण्यावर नाहीच.

तिने यादीवर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं – अंतर चुकले, चूक माझी, परवा पुन्हा. सर थांबतील की नाही, नऊ येईल की आठावरच अडेल, काहीच सांगता येत नव्हतं. एवढं मात्र पक्कं, की परवा ती बहिणीच्या गुडघ्याकडे बघणार नव्हती.