क्लॅरीच्या रायफलीला बोल्ट हवा होता

तिसरा बोल्टही अर्धा मिलिमीटर अलीकडेच अडला, तेव्हा नोरीन पास्कोने हातातली कानस खाली ठेवली.

जपानी रायफलींचे जुने बोल्ट, म्हणजे गोळी नळीत ढकलून मागची बाजू बंद करणारे सरकते दांडे, तिच्याकडे डबाभर होते. युद्ध संपल्यावर शस्त्रं खाली ठेवताना पुष्कळ जपानी सैनिकांनी बोल्ट काढून कुठेतरी फेकून दिले होते. त्यामुळे गिम्पी गावाच्या आसपास, परतलेल्या सैनिकांनी आठवण म्हणून आणलेल्या बिनबोल्टाच्या रायफली घराघरांत पडून होत्या, आणि बिनरायफलीचे बोल्ट नोरीनच्या डब्यात. मोडकी, गंजलेली शस्त्रं घ्यायची, चांगले भाग सुटे करायचे, एकाची स्प्रिंग दुसऱ्याला, दुसऱ्याचा दस्ता तिसऱ्याला, असा तिचा बावीस वर्षांचा धंदा होता. त्यात तिचा हात सहसा चुकत नसे.

ही रायफल मर्व्ह डनेटची. म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची, क्लॅरीची. क्लॅरी जूनमध्ये वारला. येत्या शनिवारी क्लबात जुन्या लष्करी रायफलींची नेमबाजी होती आणि पहिली गोळी मर्व्ह भावाच्या रायफलीतून झाडणार, असं क्लबाच्या पत्रकात छापूनही आलं होतं. ‘वेवाकच्या लढाईत जपानी सैनिकाशी झटापट करून मिळवलेली,’ असं खाली लिहिलं होतं. आज गुरुवार होता.

नळी आतून घट्ट झालेल्या ग्रीजने भरलेली होती. नोरीनने तिच्या नेहमीच्या पद्धतीने नळीत तेल ओतून दोन्ही तोंडांना बुचं आत दाबून मारली होती आणि तेल मुरेपर्यंत बोल्टाचं काम हाती घेतलं होतं. पहिला बोल्ट बसेना, म्हणून तिने दोन दिवस तो कानशीने घासला. दुसरा तिथेच अडला. तिसराही. तीन वेगवेगळ्या कारखान्यांचे तीन बोल्ट एकाच जागी अडत असतील, तर खोट बोल्टांत नसते. हे दोन दिवसांपूर्वीच सुचायला हवं होतं, असं तिला वाटलं.

तिने बुचं काढली, तेल ओतून टाकलं, गजाला चिंधी लावून नळी पुसली आणि दुसऱ्या टोकाला दिवा धरला. आत गोळीला गिरकी देणाऱ्या पीळदार खाचा दिसायला हव्या होत्या. जुन्या, झिजलेल्या नळीतही त्यांची सावली राहते. इथे नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाण्याच्या पाइपासारखी गुळगुळीत होती. तिने दस्ता उतरवला. बोल्ट ज्यात सरकतो त्या घराच्या पोटाखाली साच्याची शिवण सरळ धावत होती. पोलाद नव्हतंच ते, ठिसूळ ओतीव बीड होतं.

जपानातल्या शाळांत मुलांना कवायतीसाठी अशा रायफली देत. त्यातून फार तर आवाजापुरती फुसकी काडतुसं उडवायची. खरी गोळी घातली, तर ती पुढे जाण्याऐवजी रायफलच फुटायची.

कपाटात एक खरी रायफल होती. दस्ता वाळवीने खाल्लेला, पण नळी, घर, बोल्ट शाबूत. क्लॅरीचा दस्ता थोडा कोरून तिच्यावर चढवणं म्हणजे एका दुपारचं काम. मर्व्ह शनिवारी खुशाल गोळी झाडेल आणि कुणाला काही कळणार नाही. नोरीन चहा निवेपर्यंत त्या कपाटाकडे बघत राहिली.

तेवढ्यात मर्व्हच दारात उभा राहिला. बहात्तरीचा, हाडापेराने मोठा माणूस.

“काय गं, नटली का आमची नवरी?”

“बसा, मर्व्ह.”

“बसा म्हणतेस, म्हणजे काहीतरी बिघडवून ठेवलंयस.”

“बिघडवलंय. चांगला बोल्ट घासून वाया घालवला. पण ते नुकसान माझं. तुमचं ऐका. ही रायफल उडवायची नाही. बिडाची आहे. गोळी घातलीत तर तुमच्याच तोंडावर फुटेल. शाळेतल्या पोरांच्या कवायतीची आहे ही.”

मर्व्ह मोठ्याने हसला. “शाळेतली! क्लॅरी काय मास्तराशी झटापट करत होता? अगं, हे बघ, राजाचं फूल घासून टाकलंय. शत्रूच्या हाती द्यायच्या आधी घासायचे ते. हे तर तूच मला शिकवलंस!”

घराच्या माथ्यावर जपानी राजघराण्याचा शेवंतीच्या फुलाचा शिक्का असायचा, ती जागा कोरी होती. पहिल्या दिवशी नोरीनने स्वतः वहीत ‘फूल घासलेलं’ असं लिहिलं होतं. कोरी जागा दिसली की या धंद्यातलं कुणीही तेच लिहितं.

“घासलेलं नाही. तिथे फूल कधी नव्हतंच,” ती म्हणाली आणि तिने कॅलिपर त्याच्या हातात दिला. “घासलं असेल तर तिथे माप कमी भरेल. मोजा.”

मर्व्हने चाळीस वर्षं साखर कारखान्यात फिटरचं काम केलं होतं. त्याने चष्मा चढवला आणि चार बाजूंनी मोजलं. मग पुन्हा चार बाजूंनी. माप केसाइतकंही हललं नाही. त्याने कॅलिपर मिटून टेबलावर ठेवला.

“जपानातलं कुरे,” तो म्हणाला. “लढाई संपल्यावर वर्षभर तिथे होता तो. जपान्यांची शस्त्रं गोळा करून समुद्रात बुडवायच्या कामावर. तिथलीच उचलली असणार, लबाडाने! आणि आम्ही दर ख्रिसमसला टर्की खाता खाता वेवाक ऐकतोय.”

मर्व्हने कपाटाकडे बोट दाखवलं.

“त्या कपाटात खरी आहे ना एक? हा दस्ता चढव तिच्यावर.”

“चढेल. उद्या दुपारी देते. मी पण आत्ता तोच विचार करत होते. पण मग त्यात क्लॅरीचं फक्त लाकूड उरेल. आणि उरलेल्या या लोखंडाचं काय करू, तेही सांगा. भंगारात टाकू?”

मर्व्हने उघड्या बिडाच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

“वेवाकला होता गं तो. खरंच होता. पदक आहे, मलेरिया होता. मग ही थाप मारायची गरज काय होती त्याला?”

“मला नाही माहीत.”

“तुला विचारतंय कोण!” तो खेकसला, आणि मग हळूच म्हणाला, “फोन दे इकडे.”

त्याने क्लबाच्या चिटणिसाला लावला. “कॉलिन, शनिवारी पहिल्या गोळीचं माझं नाव काढ... नाही रे, तब्येत ठणठणीत आहे. रायफल शाळेतली निघाली. शाळेतली! पोरांची!... हस, हसून घे आधी... झालं? आणणार आहे मी ती. टेबलावर मांडेन, उडवणार नाही. आणि ते वेवाकचं तू छापलंयस ना, तर पुढच्या अंकात दुरुस्ती छाप. मी सांगतो, लिहून घे.”

पलीकडे कॉलिन कागद शोधत असावा. नोरीन दस्त्याचे स्क्रू ज्या क्रमाने काढले होते त्याच्या उलट क्रमाने परत बसवू लागली.

“लिहितोयस? सन सेहेचाळीस. कुरे, जपान. क्लॅरन्स डनेट यांनी ही रायफल...” मर्व्ह थांबला. “आणली,” तो म्हणाला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. “कशी, ते नाही मला माहीत. त्याला विचारायचं राहिलं. एवढंच छाप.”