पंकजच्या नावाचं रक्त

चेतनला मोठ्यांशी कसं वागावं हे कोणी शिकवलेलं दिसत नाही. आमच्याकडे रक्त काढणारा हा पोरगा आल्या आल्या आपलं हेल्मेट माझ्या डोक्यावर ठेवतो. मित्रांनो, मी काही खुंटी नाही. गोळीबार चौकाजवळच्या एका लॅबमधली मी रक्त मोजणारी जुनी मशीन आहे.

वाचायला मी शिकले नाही. पण मोजण्यात माझा हात कोणी धरणार नाही. थेंबभर रक्त द्या, लाल पेशी किती, पांढऱ्या किती, लगेच सांगते. मालक मनोहररावांनी मला आणलं तेव्हा हळदकुंकू लावून, नारळ फोडून बसवलं होतं. "हिचा शब्द म्हणजे शब्द," असं ते पेशंटला सांगत.

मग कोरोनाचा तो वाईट उन्हाळा आला. पांढऱ्या पेशींत लिम्फोसाइट असतात, त्या अंगातल्या राखणदार. आजार जोर धरू लागला की पुष्कळांच्या रक्तात त्याच कमी होत. शेजारची मशीन अंगातली सूज मोजायची, तिचा आकडा चढे. आम्ही दोघी मिळून सांगायचो, याच्याकडे आधी पाहा.

एका सकाळी कुसुमावती नवऱ्याला घेऊन आली. ईश्वरदास जुने विणकर, साठी ओलांडलेले, शुगरच्या गोळ्या चालू. तापातही थट्टा सुटली नव्हती. बाही वर करून म्हणाले, "काढ बाबू. रंग पक्का आहे का नाही, तेवढं पाहून घेजो."

चेतनने नाव विचारलं. कुसुमावती खाली वाकून म्हणाली, "आमच्या पोराचं लिही. पंकज, अठ्ठावीस वर्षं."

"काहून वं मावशी?"

"यायच्या नावानं कागद निघाला तं कोरोनाची गाडी येऊन घेऊन जाईन. गल्लीतले महादेवराव गेले, वापस आले काय?"

चेतनने लिहिलं.

मी मोजलं. राखणदार फार थोडे उरले होते. शेजारणीचा आकडाही चढला होता. दुपारी डॉक्टर अदितीबाईंचा फोन आला; त्या दिवसांत त्या पेशंटला न बघता, रिपोर्ट पाहून फोनवरच औषध सांगत. चेतनच्या हातात मोजे, म्हणून त्याने स्पीकर लावला.

"पंकजचे आकडे चांगले नाहीत. पण तरुण आहे, शुगर नाही म्हणतो, म्हणून घरीच ठेवते. साठीचा असता तर आजच भरती केलं असतं. आकडे बरोबर आहेत ना?"

चेतनने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरोबर आहेत, मॅडम."

आणि फोन ठेवला.

ईश्वरदासांना दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. ते परत आले नाहीत. पुढे कुसुमावती एकटीच लॅबच्या दारात उभी राहिली. "बाबू, तुह्या मशीनले समजलं नाही काय, का हे इतके बिमार आहेत?"

"मशीन जुनी झाली, मावशी. चुकते कधी कधी."

ते मनोहररावांनी ऐकलं. नवी मशीन आली, मी कोपऱ्यात गेले. धूळ मी सोसते. पण ती बाई मला चुकलेली समजून घरी गेली, ते सोसवत नाही.

मित्रांनो, रक्त देताना नाव, वय, आजार खरा सांगा. आम्ही थेंब मोजतो, माणूस तुम्हीच सांगायचा असतो.

आणि चेतन, तू इकडे पाह्य. त्या बाईले भेव होतं. तुले काहाचं भेव होतं गा? 'हे पंकजचे वडील आहेत,' एवढंच म्हणायचं होतं. मी चुकली नाही. तू चुप राहिला.