पिठाचे चार वाटे

“आमची फुगी हा केक खाऊ शकते का?”

प्रश्न एवढाच होता. फक्त तो शाळेच्या सभागृहात, माईक हातात घेऊन, पाच देशांच्या शास्त्रज्ञांसमोर विचारायचा होता. पैज लावली वकीलबाईने. ही माझी मैत्रीण. फळा कोणी पुसायचा यावरसुद्धा ती तास खाऊ शकते, म्हणून वकीलबाई.

“हल्ली फार बोलायला लागलीयेस ना तू? मग विचार की तिथे,” ती म्हणाली. “आमच्यापुढे काय, कोणीही शूर असतं.”

“विचारते. त्यात काय!”

“हो हो. आणि मंचावर आईला बघितलंस की शेपूट घालशील.”

फुगी आमच्या मधोमध बसली होती. लहानपणी एकदा तिच्या तोंडात शेंगदाणा गेला, तोंड सुजून हे एवढं झालं, श्वास कोंडला आणि तिला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. फुगी हे नाव तिचं तिनेच ठेवलंय. म्हणते, लोकांनी ठेवायच्या आत आपण ठेवलेलं बरं. तिच्या दप्तरात कंपासपेटीशेजारी, पुन्हा तसं झालं तर लगेच टोचायचं, इंजेक्शनचं पेन असतं. शाळेच्या कँटीनमधून तिने आजवर पाणी सोडून काही घेतलेलं नाही. आम्ही खातो तेव्हा ती आम्हाला विनोद सांगते, म्हणजे आम्हाला वाईट वाटू नये. वाईट तरीही वाटतं, पण हसूही येतं.

“विचार गं,” फुगी हळूच म्हणाली. “मला खरंच जाणून घ्यायचंय.”

मग काय, मी उभी राहिले.

आता हे पाहुणे आमच्या शाळेत कशाला आले होते ते सांगते. पाच देशांच्या प्रयोगशाळांनी मिळून एक प्रकल्प केला होता. खाण्याची वस्तू कुठल्या शेतातून निघाली, कुठल्या गिरणीत दळली, कुठल्या कारखान्यात भरली, हे सगळं पाकिटावरच्या कोडमध्ये. मोबाइल धरला की शेताचा फोटोसुद्धा दिसतो. त्याच्याबरोबर तपासणी: एकाच मालाचे नमुने पाचही प्रयोगशाळांना जाणार, सगळ्यांनी आपापलं तपासायचं, आकडे जुळले की पाकिटावर हिरवा शिक्का. पहिलाच माल होता केकचं तयार पीठ. ते आधी शाळांच्या कँटीनमध्ये वापरून बघायचं आणि मग पाचही देशांच्या दुकानांत. आमच्या देशाची प्रयोगशाळा म्हणजे माझी आई जिथे काम करते ती. त्या शिक्क्यासाठी आईने कितीतरी रविवार घालवले होते. दुसऱ्या दिवशी याच सभागृहात अहवालावर सह्या व्हायच्या होत्या आणि विद्यार्थ्यांच्या वतीने आभाराचं भाषण मी करणार होते. हो, मीच! गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला “हजर” म्हणतानाही माझा आवाज फुटत नव्हता.

मी प्रश्न विचारला. दुभाष्याने तो पाहुण्या बाईंना सांगितला. प्रकल्पाच्या प्रमुख त्याच. त्यांचा चेहरा खुलला. अशाच मुलींसाठी आम्ही हे सगळं केलं, असं काहीतरी त्या म्हणाल्या, आणि उत्तर तुमच्याच शहरातल्या शास्त्रज्ञांनी द्यावं म्हणत त्यांनी माईक आईकडे सरकवला.

आईने माईक घेतला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

“अहवालानुसार,” ती म्हणाली, “या पिठात शेंगदाण्याचा अंश आढळलेला नाही.”

टाळ्या पडल्या. वकीलबाई माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाली, “जिंकलीस बाई!” मीही हात उंचावून वगैरे घेतला. पण कुठेतरी काहीतरी टोचलं. माझी आई अशी बोलत नाही. दूध नासलंय का विचारलं तर ती वास घेते आणि “ओत” म्हणते. दोन अक्षरं. अहवालानुसार कधीपासून?

कार्यक्रम संपला. सभागृहाच्या मागच्या टेबलावर केकचे तुकडे मांडले होते, प्रत्येक बशीत छोटा हिरवा झेंडा टोचलेला. फुगीने बशी उचलली. तिचा चेहरा मी विसरणार नाही. दुकानातल्या बाहुलीला पहिल्यांदा हात लावू दिला की लहान मुलं कशी बघतात, तशी ती केककडे बघत होती.

“आधी वास घेते,” ती म्हणाली. “मग झेंडा खाते. मग केक.”

“झेंडा ठेव, पुरावा म्हणून लागेल,” वकीलबाई म्हणाली.

फुगीने तुकडा ओठांपर्यंत नेला आणि तेवढ्यात माझी आई आली. चालत नव्हे. खुर्च्यांच्या रांगेतून, एका पाहुण्याला खांद्याने बाजूला सारत, धावत आली आणि तिचा हात फुगीच्या हातावर असा बसला की बशी उडाली, तुकडा पडला, क्रीम फुगीच्या गणवेशावर छातीपासून कमरेपर्यंत सांडलं.

सगळे वळून बघायला लागले.

“अगं बाई! पाय घसरला माझा,” आई म्हणाली. मोठ्याने. सगळ्यांना ऐकू जाईल असं. “सॉरी हं बाळा, सॉरी. हात धू आधी. तोंडाला लागलं का? बघू, लागलं का तोंडाला?”

“नाही काकू,” फुगी म्हणाली.

“नक्की? जा, साबणाने धू. कोपरापर्यंत.”

मागून कोणीतरी फिसकन हसलं, मग आणखी कोणीतरी. नववीतली मुलं तर असल्या संधीची वाटच बघत असतात. फुगीने खाली वाकून झेंडा उचलला, टेबलावर ठेवला आणि हात धुवायला निघून गेली. परत आलीच नाही.

आईचा पाय घसरला नव्हता. मी समोर उभी होते. आणि ज्या माणसाचा पाय घसरतो तो साबणाने कोपरापर्यंत धू म्हणत नाही.

घरी गेले तर बाबा आधीच आले होते. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, आणि उद्याच्या सह्यांसाठी त्यांनी आईला नवी फ्रेम आणली होती. आई ओट्याशी उभी राहून धुतलेलीच पातेली पुन्हा घासत होती.

“त्या पिठात शेंगदाणा आहे,” मी म्हटलं.

“अहवालात—”

“आई. अहवालाला मार गोळी. दूध नासलंय का?”

पातेलं घासायचं थांबलं. बाबांनी फ्रेम डबीत ठेवली.

“नासलंय,” आई म्हणाली.

मग तिने सांगितलं. आधी तुम्हाला आमच्या घरातली एक गोष्ट माहीत हवी. मी आणि दादा लहान असताना रंगीत गोळ्यांच्या पाकिटावरून हाणामाऱ्या करायचो, कारण लाल गोळ्या नेहमी त्यालाच जास्त जायच्या. तेव्हा आई ताटात सगळं पाकीट ओतायची, ढीग करायची, ढिगाचे चार वाटे करायची, समोरासमोरचे दोन एकत्र कालवायची, पुन्हा ढीग, पुन्हा वाटे. “वरवरचं घ्याल तर वरचंच मिळेल,” असं म्हणायची. आम्हाला वाटायचं, आई म्हणजे छळ आहे. तर ही प्रयोगशाळेतली पद्धत निघाली. पिठाचं पोतं असलं तरी असंच करायचं. कारण शेंगदाण्याचा चुरा तेलकट असतो, त्याच्या गुठळ्या होतात, हलवाहलवीत त्या एखाद्या कोपऱ्यात जाऊन बसतात आणि वर स्वच्छ पीठ राहतं.

“मी आमच्या पद्धतीने केलं,” आई म्हणाली. “सापडला. पुन्हा केलं, पुन्हा सापडला. बाकी चौघांकडे शून्य.”

“असं कसं?”

“प्रकल्पाच्या नियमात लिहिलंय, पाकीट उघडा आणि वरून एक चमचा घ्या. सगळ्यांनी सारखंच करायचं, नाहीतर आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. त्या नियमावर सगळ्या देशांचं एकमत होण्यातच वर्षं गेली गं. मी बैठकीत सांगितलं. कोणी रागावलं नाही, उलट आभार मानले. म्हणाले, फार रंजक आहे, पण तुम्ही नियम सोडून केलंत. नियमाप्रमाणे करून पाठवा.”

“मग?”

“मग वरून एक चमचा घेतला.” आईने हात पुसले. “शून्य आलं. पाठवलं.”

बाबा म्हणाले, “पण पिठात तो येतो कुठून? कोडमध्ये तर सगळं दिसतं म्हणे.”

“शेत दिसतं. गिरणी दिसते. कारखाना दिसतो. पीठ ज्या टँकरमधून येतं त्या टँकरमध्ये त्याच्याआधी काय होतं, ते दिसत नाही. ते कोणी विचारलंच नाही. गव्हाचा माग काढलाय, टँकरचा नाही.”

मला हसू आलं. खरंच आलं, आणि ते इतकं कडू होतं की माझंच मला कसंतरी झालं. शेताचा फोटो! त्या फोटोत एक बाई हसत उभी आहे, हातात ओंब्या घेऊन. आम्ही वर्गात तिला टाटा करायचो.

“तू मंचावर का नाही बोललीस?” मी म्हटलं. “मी तुलाच विचारलं होतं ना?”

“समोर तू होतीस. माईक होता. आणि उद्या सह्या आहेत. मी आज नाही म्हटलं असतं तर आमची प्रयोगशाळा प्रकल्पातून बाहेर. पुढच्या टप्प्यात नमुना घेण्याचा नियम बदलून घ्यायचा असेल तर आत असायला हवं. बाहेर उभं राहून नियम बदलत नाहीत, राणी.”

“आणि पुढचा टप्पा येईपर्यंत फुगीने काय करायचं?”

“फुगीला मी खाऊ दिलं का?” आईचा आवाज चढला. “धावले ना मी?”

“फुगी इथे होती म्हणून धावलीस. बाकीच्या चार देशांत फुग्या नाहीत? त्यांच्या बशा कोण उडवणार आहे?”

बाबा मध्ये पडले. दुकानात गिऱ्हाईक भांडायला लागलं की ते जसा आवाज काढतात, तसाच आवाज. “हे बघ, आई मूर्ख नाहीये. ती आतून प्रयत्न करतेय. सगळं एका दिवसात होत नाही. तू उद्या छान भाषण कर, मग बसून बोलू.”

मी मोबाइल बघितला. फुगीला मी घरी येतानाच फोन लावत होते, तिने उचलला नव्हता. आता तिचा मेसेज आला होता. मी तो मोठ्याने वाचला, कारण तो माझ्यासाठी नव्हताच.

“काकूंना सांग, सगळ्यांसमोर नुसतं ‘खाऊ नकोस’ म्हटलं असतं तरी मी ऐकलं असतं. मला सवय आहे. माझ्या आईला वाटतंय मी तुमच्या पाहुण्यांसमोर आगाऊपणा केला म्हणून काकू चिडल्या. ती उद्या माफी मागायला येणार आहे.”

“माफी?” आई म्हणाली. “ती कशाला?”

“तुझा पाय घसरला म्हणून.”

आई खुर्चीवर बसली. बाबांनी तिच्यापुढे पाणी ठेवलं, तिने ते घेतलं नाही. आई माझ्यासमोर अशी कधी बसली नव्हती, आणि मला तिची दया आली, आणि दया आली म्हणून अजूनच संताप आला.

मी माझ्या खोलीत गेले. भाषणाचा कागद काढला. त्यात तिसऱ्याच ओळीत “डोळे मिटून विश्वास” असं होतं, वर्गाच्या बाईंनी ते लाल शाईने अधोरेखित करून शेजारी “वा!” लिहिलं होतं. मी कागद दुमडून परत स्वयंपाकघरात आले. फळीवर प्रकल्पाने भेट दिलेलं पिठाचं पाकीट होतं, हिरव्या शिक्क्याचं, अजून न फोडलेलं. ते मी खाली काढलं. शेजारचं मोठं ताटही घेतलं, गोळ्यांचंच.

“हे काय आता?” बाबा म्हणाले.

“उद्या मी आभार मानणार नाहीये,” मी म्हटलं. “ठरलंय माझं. मी मंचावर हे पाकीट फोडणार, ताटात ओतणार आणि सगळ्यांसमोर चार वाटे करणार. आणि सांगणार, माझ्या आईने असंच केलं होतं, आणि तिला सापडलं होतं. सह्यांच्या आधी सांगणार. फुगीच्या आईने माफी मागायच्या आधी सांगणार. आई, तुझ्या नोकरीचं काय होईल ते मला माहीत नाही, आणि मला भीती वाटतेय, हेही सांगून ठेवते. पण मी तुझं नाव घेणार आहे. तुला पटत असेल तर माझ्या शेजारी ये, वाटे तू माझ्यापेक्षा चांगले करतेस. नाही पटत, तर उद्या पहिल्या रांगेत बसू नकोस.”